गुरुवारचा ठिपका

या वेळी आपला प्रबंध गणपतीच्या आधी सादर होणार, असं नूतनने घरात जाहीर करून टाकलं. नवऱ्याने हसू नये म्हणून तारीखही सांगितली. तो तरीही हसला. सहा वर्षं तो हेच ऐकत होता, आणि विद्यापीठाने तर आता लेखीच कळवलं होतं की ही शेवटची मुदत, पुढे नोंदणी रद्द.

पण या वेळी नूतनकडे ठिपके होते. ती विशेष शिक्षिका. नसरापूरहून स्कूटीवर निघायचं आणि वेल्ह्याकडच्या आठ शाळांमधली अभ्यासात अडखळणारी मुलं शिकवायची, हे तिचं काम. प्रबंधाचा विषय आकडेमोडीतली सफाई. मुलाला नुसतं उत्तर येऊन भागत नाही, ते चटकन आलं पाहिजे. म्हणून रोज एक मिनिट घड्याळ लावायचं आणि मिनिटात किती बेरजा बरोबर येतात ते मोजायचं. मोजायचं कामही टॅबलेट करायचा. मिनिट संपलं की तो टाळ्या वाजवायचा, आकडा नूतनच्या मोबाईलवर यायचा आणि आलेखावर एक ठिपका उमटायचा. बाईंसमोर मूल बावरतं म्हणून सराव घरीच करायचा आणि बाईंनी मध्ये नाक खुपसायचं नाही, असा नियम होता. नियम नूतनचाच.

विंझरच्या पुढे आत एक वाडी आहे. तिथल्या चौथीतल्या वैष्णवीला टॅबलेट दिला तेव्हा ती मिनिटाला सहा बेरजा करत होती. टॅबलेट देताना नूतनने तिच्या आजीला, रतनबाईंना, बजावून सांगितलं की एक दिवसही खाडा होता कामा नये आणि आकडा वाढला पाहिजे. रतनबाईंनी पदर सावरून मान डोलावली. ही मान पुढे केवढ्याला पडणार आहे, ते नूतनला तेव्हा कळलं असतं तर तिने टॅबलेट परत स्कूटीच्या डिकीत टाकला असता.

पहिल्या आठवड्याचे ठिपके आले. सोमवारी अकरा, मंगळवारी दोन, बुधवारी चौदा, गुरुवारी अठ्ठावन्न, शुक्रवारी नऊ. नूतनने डोळे चोळले. दुसऱ्या आठवड्यात तेच. मंगळवारी पोर पार झोपायची आणि गुरुवारी एकदम कॉम्प्युटर व्हायची. तिसऱ्या आठवड्यात तर गुरुवार साठावर गेला.

दुसऱ्या कुणी जाऊन बघितलं असतं. नूतनने संदर्भग्रंथ उघडले. मग रतनबाईंना फोन करून विचारलं, की गुरुवारी वैष्णवी वेगळं काय करते. आजींनी विचार करून सांगितलं, की तसं काही नाही, घरात उपवास असतो, पोरही हट्टाने साबुदाणा खाते. झालं! नूतनने उपवास आणि मेंदूचा तल्लखपणा यावर सतरा पानं लिहून काढली आणि पुण्याला आपल्या मार्गदर्शक सारिका मॅडमना पाठवली. सहा वर्षांत मॅडमनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. या वेळी म्हणाल्या, हे मला डोळ्यांनी बघायचंय, मी गुरुवारी येते.

वाडीत मोबाईलला रेंज एकाच जागी येते, पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर. त्यामुळे वैष्णवीचा सराव तिथेच चाले. गुरुवारी वीज बंद म्हणून गिरणीही बंद. भाताची रोपं लावायचे, आवणीचे दिवस होते आणि निम्मी वाडी चिखलात उतरलेली होती, पण पुण्याच्या मॅडम येणार म्हणून बरीच मंडळी पाय धुऊन ओट्यावर जमली होती. गिरणीवाला गोरख भांगबिंग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून मधोमध बसला होता. नूतनला वाटलं, मॅडमसाठी असेल.

वैष्णवी टॅबलेट छातीशी धरून आली. तिने तो अदबीने गोरखच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी मांडी घालून बसली. गोरखने बोटं मोडली, घड्याळ लावलं आणि त्याचा अंगठा सुटला. रोज पायल्या आणि किलोंचा हिशेब तोंडी करणारा माणूस तो, त्याला शाळेतल्या बेरजा म्हणजे काय! मिनिट संपलं, टॅबलेटने टाळ्या वाजवल्या, त्याच्यामागून वाडीनेही वाजवल्या. नूतनच्या मोबाईलवर ठिपका आला. एकसष्ट.

"हे कोण?" सारिका मॅडमनी शांतपणे विचारलं.

"मी गुरुवारचा," गोरख उठून उभा राहत म्हणाला.

पुढचं रतनबाईंनी समजावून सांगितलं, आणि तेही कौतुकाने. वैष्णवीची आई आवणीला जायची, पोर बांधावर धाकट्या भावाला सांभाळायची, तिला वेळ कुठला. शिवाय तिचा हात सावकाश. बाईंचं काम तर पडून राहू देता येत नव्हतं. मग आवणीला करतात तशीच वाडीने सावड केली. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या, तसं. सोमवार कोंडिबाचा, बुधवार जाईबाईच्या सुनेचा, शुक्रवार पप्पूचा.

"मंगळवारची मी," त्या जरा ओशाळून म्हणाल्या. "मला चष्म्याबिगर आकडा दिसत न्हाई. पर खाडा न्हाई केला, बाई. इचारा कुणालाबी."

नूतनला हसावं की रडावं ते कळेना. तिला राग आला होता, भयंकर राग आला होता, आणि तो काढावा असा एकही चेहरा त्या ओट्यावर नव्हता. चार आठवडे अख्ख्या वाडीने चिखलाचे हात धुऊन तिचा प्रबंध खोटा केला होता, आणि तोही किती मनापासून!

मॅडमनी वैष्णवीला जवळ बोलावलं आणि एक मिनिट तिला स्वतःला करायला सांगितलं. पोरीने ओठ दाताखाली धरून बेरजा केल्या. सात आल्या. टाळ्या वाजल्या तशी ती दचकली, मग इतकी खूश झाली की उठून थेट नूतनकडे आली.

"बाई, माजा वार कंचा?"

चार आठवड्यांत हा प्रश्न नूतनने स्वतः विचारायला हवा होता. ती पोरीला म्हणाली, सगळे वार तुझेच, आजपासून. म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

सारिका मॅडमनी निकाल एका वाक्यात दिला. सगळे ठिपके रद्द, सतरा पानं रद्द, पहिल्यापासून सुरुवात. मुदतीत बसलं तर ठीक. मग त्या गाडीत जाऊन बसल्या. गल्ली अरुंद, मागे चिखल, ड्रायव्हर गाडी वळवायची कशी याचा विचार करत उभा.

नूतन ओट्यावर डोकं धरून बसली. रतनबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि हळूच विचारलं, की एवढं काय बिघडलं. नूतनने सांगितलं. अडीचशे पानांचा प्रबंध परत लिहायचा आहे, दिवस उरलेत चाळीस, आणि ती आहे एकटी.

रतनबाईंनी ओट्यावरच्या मंडळींकडे एकवार नजर फिरवली. कोंडिबाने मान हलवली. जाईबाईच्या सुनेनेही हलवली.

"मंग येकटीनं कशाला?" रतनबाई म्हणाल्या. "आमी पंचवीस जण हाय. धा-धा पानं वाटून घिऊ. तुमी निस्तं काय लिवायचं त्ये सांगा."

नूतनने ताडकन मान वर केली. संशोधनाची शिस्त, प्रामाणिकपणा, स्वतःचं काम स्वतः करणं, सगळं एकदाचं सुनावायचं म्हणून तिने तोंड उघडलं. चाळीस दिवस डोळ्यांसमोर आले. नवऱ्याचं हसू आलं.

"गोरखभाऊ," ती म्हणाली, "तुम्हाला टायपिंग येतं का हो?"

बोलून झाल्यावर तिचं लक्ष गल्लीकडे गेलं. गाडी अजून वळलेली नव्हती आणि मॅडमच्या बाजूची काच पूर्ण खाली होती.