चार पायांचा स्टँड

डोंगरात इंटरनेट आणणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ आहे, असं मी अर्जातच लिहून टाकलं होतं. शब्द जरा सभ्य होते, पण मतलब हाच. कंपनी राजधानी रबातची, काम ॲटलसच्या डोंगरातल्या खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचवायचं, आणि मी सहा महिने घरी बसलेला. माझी बायको तुदा हल्ली माझ्याकडे कपाटाकडे बघावं तशी बघायची. म्हणजे, हे इथून हलणार कधी?

म्हणून फोनवर कंपनीच्या सन्हाजी मॅडमना म्हणालो, "मुलाखत मी आमच्या आजोबांच्या डोंगरातल्या घरातून देतो. तिथे वीज नाही, तार नाही, काही नाही. बघाच तुम्ही."

"गुरुवारी चार वाजता," मॅडम म्हणाल्या. "पंधरा मिनिटं लाइन तुटली नाही, तर नोकरीचं बोलू."

फोन ठेवल्यावर तुदा म्हणाली, "कुठून देतोस असं त्यांनी विचारलं होतं?"

"नाही."

"मग?"

मी उठून न्हाव्याकडे गेलो. आम्ही राहतो त्या मेकनेस शहरात उकाडा मरणाचा, त्यात केस गळायला लागलेले. सरळ चकोट करून घेतला. हा चकोट ध्यानात ठेवा.

गुरुवारी सकाळी खेचरावर सोलर पॅनल, बॅटरी, अँटेना आणि तुदा असं सगळं सामान घेऊन वर पोचलो. (तुदाला सामानात धरलं हे तिला सांगू नका.) मातीच्या सपाट छतावर देवदाराचा लांब वासा उभा केला, त्याच्या टोकाला अँटेना बांधली आणि पलीकडच्या डोंगरावरच्या टॉवरकडे तिचं तोंड केलं. खाली खोलीत येऊन लॅपटॉप बघायचा, वर जाऊन वासा बोटभर फिरवायचा, पुन्हा खाली. अशा सात फेऱ्या झाल्या तेव्हा कुठे फुल्ल रेंज आली. आणि लगेच अँटेनेवर दोन कावळे येऊन बसले. रेंज अर्धी!

तुदाची पांढरी ओढणी दोरीवर वाळत होती. ती वाशाला बांधली. ओढणी फडफडली, कावळे उडाले, रेंज पुन्हा फुल्ल. यात काय चुकलं, ते आमच्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र स्वतःवरच खूश होतो.

अडीच वाजता समोरच्या उतारावरचा हम्मूकाका धापा टाकत आला. बरोबर त्याचा जावई झैद. काकाच्या काखेत निळ्या कागदात गुंडाळलेली साखरेची ढेप. आमच्याकडे शुभकार्याला हीच नेतात. त्यानं मला मिठी मारली आणि चक्क माझ्या टकलाचं चुंबन घेतलं.

"मुबारक, बाळा, मुबारक! ओढणी लांबूनच दिसली. प्रवास कसा झाला?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला इंटरनेटची केवढी कदर! "हाल झाले, काका. पण मनात धरलं होतं, तडीस नेलं."

"आणि फेऱ्या?"

"सात. शेवटच्या फेरीला पाय लटपटले."

काकाचे डोळे भरून आले. "अल्ला कबूल करो, हाजी बस्सू."

हाजी? मी तुदाकडे पाहिलं. तुदा छताकडे बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हजच्या दिवसांतली बकरी ईद होऊन तीन आठवडे झालेले, हजला करतात तसा माझा चकोट, तिथल्यासारख्याच सात फेऱ्या, आणि छतावर पांढरं निशाण! आमच्या खोऱ्यात पांढरं निशाण लागतं ते एकाच घरावर. हजहून कुणी परत आलं असेल त्या.

"काका, मी हजला गेलोच नव्हतो."

"बघ," काका जावयाला म्हणाला, "खरा हाजी कधी मिरवत नाही."

सव्वातीनपर्यंत अंगणात एकोणीस माणसं आणि चौदा ढेपा. शेजारची इत्तोमावशी, हाजी मक्केहून आणतात त्या झमझमच्या पवित्र पाण्यासाठी बाटलीच घेऊन आलेली. मी जितकं नाही म्हणावं तितका माझा मोठेपणा वाढत होता. तुदा चहा ओतत माझ्या कानाशी पुटपुटली, "आधी ते निशाण काढ. आणि घड्याळ बघ."

चाराला दहा कमी. मी छतावर धावलो आणि ओढणी ओढली. ओढणी निघाली, पण वासा बांधलेली दोरीही सुटली आणि वासा एका अंगाला कलला. रेंज गायब. सहा महिन्यांनी एक दार किलकिलं झालं होतं, तेही मीच स्वतःच्या हातानं लावून घेत होतो.

"काय धरायचंय, हाजी?" काका वर आलाच होता. त्यानं आणि झैदनं वासा छातीशी कवटाळला. मी सांगितलं तसा बोटभर फिरवला आणि दोघं पाय रोवून उभे राहिले. वारा सुटला होता, पण वासा तसूभर हलेना. चाराच्या ठोक्याला मॅडमचा चेहरा पडद्यावर लख्ख.

पहिली दहा मिनिटं मी अशी उत्तरं दिली की तुदानं माझ्याकडे पुन्हा नवऱ्याकडे बघावं तसं पाहिलं.

"वारा एवढा ऐकू येतोय, पण लाइन हलत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "अँटेना कशावर बसवलीय?"

"माझा खास स्टँड आहे," मी फुशारलो. "चार पायांचा. स्थानिक साधनांतून बनवलेला."

तेवढ्यात इत्तोमावशीनं मध्येच ग्लास पुढे केला. "हाजी, चहा घ्या."

मॅडम सावरून बसल्या. "अरे, तुम्ही हाजी? माझे वडील आत्ताच हजहून आलेत. तिथे मीनाच्या मैदानात तुमचा मुक्काम कुठल्या तंबूत होता?"

मागे दारात बाकीची सगळी माणसं, तीही मान पुढे काढून. खोटं बोललो तर पुढच्याच प्रश्नाला तोंडावर आपटणार. आणि खरं सांगायचं तर, त्या विषयात थाप मारायला जीभ उचलेना.

"मॅडम, मी हजला गेलो नाही. ती बायकोची ओढणी होती. कावळ्यांसाठी बांधलेली."

माझ्या डोक्यावरच छताला धूर जायचं भोक आहे. त्यातून काकाचा आवाज आला, "कावळ्यांसाठी?"

आणि त्यानं वासा सोडला. मॅडम तोंड उघडं ठेवून थिजल्या आणि मग पडदा काळा झाला. चौदा मिनिटं झाली होती.

काका खाली आला. आपली ढेप काखेत घातली आणि चालायला लागला. मग सगळ्यांनीच आपापल्या ढेपा शोधल्या. इत्तोमावशीनं बाटली उचलली आणि माझ्या हातातला चहाही परत घेतला.

संध्याकाळी तुदानं स्वतः छतावर जाऊन वासा बांधला. तिच्या पहिल्याच फेरीत रेंज आली. त्याबरोबर मॅडमचा निरोपही आला: "प्रामाणिकपणा आवडला, एक मिनिट माफ. पण स्टँड त्याहून जास्त आवडला. सोमवारी रबातला घेऊन या, संचालकांना दाखवायचाय. तो असाच चालला तर नोकरी तुमची."

आज शनिवार. मी कालपासून दोन ढेपा मांडीवर घेऊन हम्मूकाकाच्या उंबऱ्यावर बसलोय. झैद यायला तयार आहे. म्हणजे स्टँडचे दोन पाय जमले. उरलेले दोन आतून कडी लावून बसलेत.