क्लाइव्हची मंगळवारची दांडी

क्लाइव्ह पेनहॉलसारखी थाप अख्ख्या पोर्ट हॅलोरन गावात कुणाला मारता येत नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे क्लाइव्ह पेनहॉल!

मंगळवारी सकाळी साडेसहाला तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिला. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. वारा नाही. अकराला भरती. अशा दिवशी धक्क्यावर व्हाइटिंग मासा गळाला मिठी मारतो! आणि क्लाइव्हने काय करायचं? तर नगरपालिकेच्या डेपोवर जाऊन फावड्याने रस्त्यातले खड्डे बुजवायचे. एकोणीस वर्षं तेच. रोज अर्धा तास जास्त राबून महिन्याला जी एक हक्काची सुट्टी साठते, ती शुक्रवारी होती. शुक्रवारपर्यंत वारा सुटल्याशिवाय राहतोय होय! त्याला एक दिवस हवा होता. एकच. खुर्ची, गळ, थंड बिअर आणि चार तास कुणी हाक मारायची नाही.

त्याने आवाज खोल नेला आणि डेपोच्या साहेबीणबाईंना, म्हणजे ग्लेनिसला, फोन लावला.

"ग्लेनिस... मी आज कामावर येत नाही गं. डोकं गरगरतंय."

"आज?" ग्लेनिसने विचारलं.

"हो, आज!"

"क्लाइव्ह, आज वार कोणता?"

टोमणा मारते काय! क्लाइव्हही काही कमी नव्हता. "मंगळवार! कामाचा मंगळवार! मला कळत नाही का? पण पायच उचलत नाहीत, त्याला मी काय करू?"

"बस तिथेच," ती म्हणाली. आवाज भलताच मऊ झाला होता. "हलू नकोस. मी आले."

येते कशाला? क्लाइव्हने गळ सोफ्याखाली सरकवला, शिंपल्यांचं आमिष फ्रिजमध्ये लोण्यामागे कोंबलं आणि पांघरूण ओढून आडवा झाला. पाचव्या मिनिटाला दारात रुग्णवाहिका! गावात अशी कामं सगळे आपली नोकरी सांभाळून फुकट करतात. आगीचा बंब पाववाला चालवतो, रुग्णवाहिका ग्लेनिस आणि पोस्टमन. हिरवा गणवेश घालून ती आत आली. चेहरा पांढराफटक.

"क्लाइव्ह, दोन्ही हात वर कर बघू."

खरं-खोटं तपासतेय, क्लाइव्हने ताडलं. आजारी माणूस असे पटापट हात वर करील का? त्याने डावा वर केला आणि उजवा निम्म्यावरून गळू दिला.

"अरे देवा, पक्षाघात!" ग्लेनिस पुटपुटली. "आता हसून दाखव."

आजारी माणूस हसतो होय! क्लाइव्हने कण्हत तोंडाचा एकच कोपरा उचलला. हे आपल्याला फार छान जमलं, असं त्याला वाटलं.

दोन मिनिटांत तो स्ट्रेचरवर बांधला गेला.

"अगं, एवढं काही नाही! दुपारपर्यंत पडून राहिलो की..."

"माझा नवरा, रॉनही असंच म्हणाला होता," ग्लेनिसने पट्टा करकचून आवळला. "थोडं गरगरतंय, पडतो जरा. मी म्हटलं, पड. पडला तो उठलाच नाही."

खरं सांगायची तीच वेळ होती. क्लाइव्हने तोंड उघडलं, ग्लेनिसच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मिटलं. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

मोठ्या इस्पितळाचा रस्ता नेमका धक्क्यावरूनच जातो. मागच्या खिडकीतून क्लाइव्हला समुद्र दिसला. धक्का दिसला. आणि धक्क्यावर खुर्च्या टाकून बसलेली डेपोतली चौकडी दिसली! मर्व्ह, दोघे हॅन्कॉक बंधू आणि मास्टर्स. मर्व्हच्या गळाला हातभर व्हाइटिंग तडफडत होता. रुग्णवाहिका बघून चौघांनी आदराने टोप्या काढल्या.

क्लाइव्हच्या अंगाचा तिळपापड झाला. लबाड! चौघांनीही थाप मारली! आणि बांधून चाललाय कोण? एकटा मी!

"ग्लेनिस! ते बघ! चौघं दांडी मारून मासे धरतायत! त्यांना का नाही गं बांधत?"

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. त्या गावात बायको पळवली तरी एखादवेळी माफी मिळेल, पण सोबत्याची चहाडी? कधीच नाही!

ग्लेनिसने मात्र पुढे गाडी हाकणाऱ्या पोस्टमनच्या खिडकीवर बुक्की मारली. "जोरात हाण! हा आता बरळायला लागला!"

इस्पितळात त्याला यंत्रात घातलं, बाहेर काढलं, रक्त घेतलं, पुन्हा घातलं. अकरा वाजले. भरती आली आणि गेली. जेवणाला हिरवी जेली मिळाली. दुपारी तीनला डॉक्टर विजेसिंघे कागद घेऊन आल्या.

"पेनहॉल, तुमच्या मेंदूत काहीही सापडलं नाही."

ग्लेनिस खुर्चीत कोसळली आणि हमसून हमसून रडायला लागली. तेव्हा मात्र क्लाइव्हला राहवलं नाही.

"ग्लेनिस, मी थाप मारली. मला काही झालेलं नाही. मला फक्त मासे धरायचे होते. कामाच्या दिवशी असं करायला नको होतं. मी वाईट माणूस आहे!"

ग्लेनिसचं रडणं थांबलं. तिने नाक पुसलं.

"कामाच्या दिवशी?"

"हो."

"क्लाइव्ह, शुक्रवारी डांबराची गाडी येतेय. म्हणून डेपोची सुट्टी मी आज केली. सगळ्यांची! महिनाभर नोटीस लटकतेय, चहाच्या किटलीच्या वर. माणूस सुट्टीच्या दिवशी सुट्टी मागतो, वर कामाचा दिवस म्हणून भांडतो, तेव्हा मी काय समजायचं होतं?"

क्लाइव्हने जेली बाजूला सारली. फोन केला नसता तर! नुसता गप्प बसला असता, तर या वेळी बादली भरलेली असती.

"आणि ती चौकडी..." तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी जे बोललो, ते तू कुणाला..."

"मला वाटलं तू बरळतोयस रे. काळजीने मर्व्हला फोन केला आणि शब्दन् शब्द सांगितला."

परतताना धक्का रिकामा होता. वारा सुटला होता. सोफ्याखाली गळ होता आणि लोण्याला शिंपल्यांचा वास लागला होता.

शुक्रवारी क्लाइव्ह सातला डेपोवर हजर झाला. तो चहा करायला किटलीपाशी गेला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याने वरची नोटीस वाचली. ग्लेनिसच्या अक्षरात होतं : 'क्लाइव्ह, आज शुक्रवार. आज काम आहे.'

त्याच्याखाली मर्व्हचं अक्षर होतं : 'आम्ही चौघंही कामावर आलोय. जा, हेही बाईंना सांगून ये.'