अकरा बळींची रायफल

माझ्या मामाच्या घरी एक दुर्मिळ रायफल होती आणि अधिकृत मूल्यमापन झाल्याशिवाय ती लिलावात मांडता येत नव्हती. नियम सरळ आहे. वस्तू कितीला जाईल हे विकण्याआधीच ठाऊक असल्याशिवाय ती विकता येत नाही.

रायफल आजोबांची, म्हणजे मामाच्या वडिलांची. आजोबा एका जमीनदाराच्या शिकारी बंगल्यावर कोठी सांभाळायचे. धान्य, रॉकेल, चादरी, उशांचे अभ्रे. निवृत्त होणाऱ्याला घड्याळ द्यायची तिथं पद्धत होती, पण आजोबांच्या वेळी घड्याळं संपली होती, म्हणून भिंतीवरची रायफल काढून दिली. आजोबांना फुगा फुटलेला सहन व्हायचा नाही. घरात पाल दिसली तर तिला कागदावर घेऊन बाहेर सोडायचे आणि वर "जपून जा" म्हणायचे. त्यांनी ती रायफल बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारावर दोन खिळ्यांवर आडवी ठेवली आणि तिला लोखंडी कड्यांनी पडदा लावला. स्वयंपाकघरात कायम पसारा, त्यामुळे पडदा कायम ओढलेला. चाळीस वर्षं तो वाऱ्यानं हलत राहिला. रायफलीनं आयुष्यात केलं ते एवढंच.

मग मामीचे गुडघे गेले. घर तिसऱ्या मजल्यावर. मामी जिना उतरायची तो एकेक पायरी बसून, लहान मूल उतरतं तसा. डॉक्टर म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील. मामानं घरभर नजर फिरवली. विकण्यासारखं एकच होतं आणि त्यावर पडदा होता.

लिलावगृहाचा मूल्यमापक आला. पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग. मामीनं पडदा धुवायला टाकला होता आणि रायफल उशीवर निजवली होती.

"आकडे नका सांगू, मला त्यातलं कळत नाही," मामी त्याला म्हणाली. "गुडघ्यांत सांगा."

त्यानं मान डोलावली. माणूस व्यवसायात मुरलेला होता. "घडण उत्तम," तो म्हणाला. "हिचा इतिहास काय?"

"इतिहास म्हणजे?" मामा.

"म्हणजे हिनं काय काय केलं?"

"काही नाही हो. पडून होती."

मूल्यमापकाचा चेहरा उतरला. "काहीच न केलेल्या रायफलीला फार तर अर्धा गुडघा येईल," तो हळहळून म्हणाला. आणि मग त्याचं भिंग नळीवर थबकलं. नळीवर सारख्या अंतरावर बारीक खाचा होत्या. त्यानं त्या दोनदा मोजल्या. अकरा.

"जुने नेमबाज एका बळीमागे एक खाच पाडत," तो हलक्या आवाजात म्हणाला, जणू मयत शेजारच्या खोलीत होते. "जनावरं असतील तर एक गुडघा. माणसं असतील तर दोन्ही."

"अहो, त्या पडद्याच्या..." मामा म्हणाला. मामीनं त्याच्या पायावर पाय दिला. गुडघे गेले असले तरी पाऊल शाबूत होतं.

"पडद्याआडच्या गोष्टी आहेत त्या," मामी म्हणाली. "घरात आम्ही बोलत नाही."

"माणसं," असं मूल्यमापकानं लिहून घेतलं.

लिलावाची पुस्तिका छापून आली. आजोबांचा एकच फोटो होता, चादरींच्या गठ्ठ्याशेजारी हसताना. लिलावगृहानं चादरी कापल्या, हसू कापलं आणि फक्त डोळे ठेवले. कोणाचेही नुसते डोळे ठेवले की तो खुनी दिसतो. घरी करून बघा. मामानं ती पुस्तिका हातात घेतली. "बाबांनी कधी झुरळ मारलं नाही गं," तो म्हणाला.

"म्हणून तर ही वेळ आली," मामी म्हणाली. वाईट तिलाही वाटत होतं, पण तिचं वाईट वाटणं गुडघ्यापाशी येऊन थांबत होतं.

पुस्तिकेच्या शेवटी सूचना होती की, बळींच्या वारसांनी पुढे यावं. ओळख पटलेल्या बळीमुळे वस्तूचं मूल्य वाढतं. सगळ्यात आधी तळमजल्यावरची शिंपीणबाई आली. तिचे सासरे ऐन तारुण्यात कुणाबरोबर तरी पळून गेले होते आणि घरचे इतकी वर्षं "परगावी असतात" म्हणून सांगत होते. "तुमच्या आजोबांनीच मारलं असणार त्यांना," ती मला म्हणाली आणि तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. पळालेल्या सासऱ्यापेक्षा मारला गेलेला सासरा केव्हाही बरा. मग वाण्याचे काका, न्हाव्याचा थोरला भाऊ, पेढी बुडवून गेलेला तो कोण, सगळे एकेक करत आजोबांच्या नावावर जमा झाले. गल्लीतली सगळी बेअब्रू आमच्या नळीवर बसली. आठवडा सरायच्या आत खाचा भरल्या.

तेव्हा मास्तर आले. निवृत्त, एकटे, फार सज्जन. त्यांचे वडील तापानं गेले होते, साध्या तापानं. "अख्ख्या गल्लीत आमच्याच घरातलं कोणी नाही," ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?" मामा शेवटी आजोबांचाच मुलगा. त्यानं मुकाट्यानं कानस घेतली आणि नळीवर बारावी खाच पाडली. मास्तर त्याचे हात धरून रडले.

अंतिम तपासणीला मूल्यमापकानं भिंग लावलं आणि गंभीर झाला. "ही ताजी आहे," तो म्हणाला. नियमाप्रमाणे त्यानं पोलिसांना कळवलं. अकरा जुने बळी हा वारसा असतो. बारावा ताजा, म्हणजे गुन्हा.

तपास अधिकारी आला तेव्हा खोलीत उभं राहायला जागा नव्हती. सगळे वारस आपापल्या मयताच्या काळजीनं जमले होते.

"बारावा कोण?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"कोणी नाही," मामा म्हणाला.

"मग खाच का?"

"मास्तरांना वाईट वाटत होतं म्हणून."

अधिकाऱ्यानं 'हेतू: सहानुभूती' असं लिहिलं. "हे बघा," तो शांतपणे म्हणाला, "मारलं असेल तर प्रेत दाखवा. मारलं नसेल तर लिलावाची फसवणूक झाली. दोन्हीपैकी काय ते एक ठरवा, मला जेवायला जायचंय."

मामानं मामीकडे पाहिलं. मामीनं गुडघ्यांकडे पाहिलं. मग तिनंच उठून धुतलेला पडदा आणला आणि त्याच्या हातात दिला. मामानं रायफल खिळ्यांवर ठेवली आणि एकेक कडी सरकवली. कडी खाचेत बसायची आणि बारीक टक् असा आवाज यायचा. अकरा वेळा आला.

"माझ्या बाबांनी पडदा लावला होता," मामा म्हणाला. "दुसरं काही केलं नाही. भला माणूस होता."

मग शिंपीणबाईनं हंबरडा फोडला. "म्हणजे आमचे ते पळूनच गेले?"

त्या दिवसापासून गल्लीत आमच्याशी कोणी धड बोलत नाही. खोटारड्यांचं घर म्हणतात. आजोबांना अकरा खून लोकांनी हसतमुखानं माफ केले होते, ते न केल्याचं मात्र माफ झालं नाही. एकटे मास्तर अजून येतात. बाराव्या खाचेला कडी नाही, म्हणून ती खाच आपलीच आहे असं म्हणतात. मूल्यमापकानं ताज्या खाचेची वजावट करून किंमत घोट्यापर्यंत आणली आणि तेवढ्यालाही कोणी बोली लावली नाही. रायफल परत आली. पडदा परत लागला.

ही सगळी हकीकत मी प्रामाणिकपणे लिहून काढली होती. नाव दिलं होतं 'आमच्या आजोबांचा पडदा'. वर्षभर ती पडून राहिली, नातेवाइकांनीसुद्धा वाचली नाही. शेवटी मूल्यमापकाचा सल्ला घेतला आणि नाव बदलून वर आहे ते दिलं. तुम्ही लगेच आलात. सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की, या माणसानं पालसुद्धा मारली नाही, तरी बाराव्या खाचेपाशी जरा पुढे सरकून बसलात.

असो. मामी आत्ताही जिन्यात बसली आहे, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. आलाच आहात, तर तिला खाली उतरायला जरा हात द्या.