मापात बसवलेले हातमोजे

"शास्त्र लागता गो, शास्त्र! चामडें मापात हाडप म्हणजे पोळे परतप न्हय!"

सगुणने असं ऐकवलं तेव्हाच खरं तर पद्मावतीने ते हातमोजे उचलून माळ्यावर टाकायला हवे होते. पण तिचा संसार नवा होता. नवरा छाती फुगवून बोलतो तेव्हा त्यात काहीतरी तथ्य असेल, असं तिला अजून वाटायचं. बिचारी!

हातमोजे हॉकीचे होते. गोवामुक्तीनंतर सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक वाढले, ट्रांझिस्टर आले, आणि त्यांच्यामागून कामगारांचा हॉकीचा संघही आला. सगुण तिथे वजनकाट्यावर कारकून. संघात तो होता, म्हणजे मैदानाबाहेरच्या बाकावर होता. गोलात उभा राहायचा जयराम. त्याचे पंजे सुपाएवढे. पण मुरगावच्या गोदीवाल्यांशी सामना ठरला आणि नेमकं त्याच रविवारी जयरामचं लग्न निघालं! कप्तान सदाशिव, सावंतवाडीकडचा ट्रक ड्रायव्हर, मुलीच्या बापाला मुहूर्त पुढे ढकलायला सांगून आला. शिव्या खाऊन परतला आणि नाइलाजाने सगुणकडे वळला.

बाकावर बसून बसून सगुणच्या पँटची सीट झिजली होती. आता कुठे नशीब उघडलं! पण संघाकडे हातमोज्यांचा जोड एकच, आणि तो जयरामच्या मापाचा. सरावात पहिलाच चेंडू आला. सगुणने झेप घेऊन झकास अडवला. चेंडू हातमोजा घेऊन गोलात गेला आणि सगुण नुसता हात वर करून उभा राहिला!

"सगुणा," सदाशिव कपाळावर हात मारून म्हणाला, "रविवारी दुपारी मी घराकडे येतलंय. हातमोजे बसले तर तू. नायतर ते गुरुदासाक देतलंय!"

गुरुदास म्हणजे ऑफिसातला टायपिस्ट आणि साहेबाचा मेहुणा. तो आपल्या जागी उभा राहणार, या कल्पनेनेच सगुणला जेवण जाईना.

पद्मावतीने साधा उपाय सांगितला होता. "अहो, आत सुती मोजे घाला आनी मनगटार एक नाडी बांदा. जालें!"

"नाडी? ही हॉकी गो, परकर न्हय!"

शास्त्राचा पहिला प्रयोग शनिवारी सकाळी झाला. आपली खाकी पँट गरम पाण्यात आटली होती, तेव्हा चामडंही आटणार, हा सिद्धान्त. सगुणने न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या भाणात हातमोजे सोडले आणि तो उंडो पाव आणायला पाववाल्या पोदेराच्या मागे धावला. परत येतो तर आई न्हाऊन बाहेर येत होती. चेहरा प्रसन्न!

"सुने, आज पाण्यात कसलो पालो घातलो गो? पाणी तांबडें जालें, वासय उग्र! पण सांदे कशे मोकळे जाले!"

पद्मावतीने सगुणकडे पाहिलं. सगुणने जनेलातून बाहेर पाहिलं.

हातमोजे आटले नाहीत. उलट आतला स्पंज फुगला, मग उन्हात वाळताना चामडं भाजलेल्या पापडासारखं ताठ झालं आणि आत आणखी मोठी पोकळी राहिली. आता त्यात सगुणचे दोन्ही हात एकदम मावले असते.

रविवारी सकाळी त्याने आईची उशी फोडली. सावरीचा कापूस आत भरायचा! पण तो चिकटवणार कशाने? मागल्या दारी आई फणस फोडायला बसली होती, आणि कापलेल्या फणसातून पांढराशुभ्र चीक गळत होता. सगुणच्या डोक्यात दिवा पेटला. देवानेच पाठवलेला डिंक! त्याने काठीवर चीक गुंडाळून घेतला, हातमोज्यांना आतून भरपूर फासला, वरून कापूस दाबला आणि हाताच्या मापाने नीट बसावं म्हणून दोन्ही हातमोजे चढवून ओसरीवर ऐटीत बसला.

आता तुम्हीच सांगा, फणसाच्या मुलखात जन्मलेलं शेंबडं पोरसुद्धा फणसाला हात लावण्याआधी काय करतं? तेल लावतं! आईने लावलं होतं, विळीलाही लावलं होतं. फक्त शास्त्रज्ञ विसरले.

"पद्मा, पळय! कसे बसले!"

"बसले खरे. आतां काडून दाखयात."

सगुणने ओढलं. मग दातांनी ओढलं. मग हातमोजा दारात अडकवून सगळ्या अंगाने ओढलं. दार निखळलं, हातमोजा नाही! पद्मावतीने मनगटातून खोबरेल ओतलं. ते सगळं कापसाने वातीसारखं पिऊन टाकलं. नाकावर माशी बसली तर सगुण नुसता फूं फूं करत होता. शेवटी पद्मावती कपाळाला आठ्या घालून त्याला कुलेरीने पेज भरवू लागली.

आणि त्याच वेळी दारात स्कूटर थांबली. पुढे सदाशिव, मागे नव्या पांढऱ्या चड्डीतला गुरुदास!

"अरे देवा! हात मोडले काय रे?"

"मोडूंक ना, चिकटले!" पद्मावती तडकली. "तुमचे हातमोजे आनी आमचो घोव, एकत्रच व्हरात!"

सदाशिवने उजवा हात धरला, गुरुदासने डावा. दोघांनी पाय रोवून ओढायला सुरुवात केली आणि मधोमध सगुण बोंबलू लागला. बाहेर आलेल्या आईला वाटलं, पोराला मारायला कोणी आलं! तिने केरसुणी उचलली ती थेट गुरुदासच्या पाठीत! गुरुदास मागल्या दारी पळाला, घसरला आणि फणसाच्या चिकाळ सालींवर बसला. उठला तेव्हा अर्धा फणस त्याच्याबरोबर उठला.

"हांव खेळचो ना!" असं ओरडत साहेबाचा मेहुणा फणसासकट घरी गेला.

सदाशिवने घड्याळाकडे पाहिलं, हातमोज्यांकडे पाहिलं. जोड एकच, आणि तो या माणसापासून सुटणार नव्हता.

"चल, बस स्कूटरीर. तूच उभो रव, मेल्या!"

सगुणचा आनंद पोटात मावेना. मैदानावर त्याने हॉकीस्टिक पेलली, दोन्ही हात पसरले. हातमोजे असे बसले होते की कातडीच वाटावी! गोदीवाल्यांचा पहिला चेंडू आला. जमिनीवरून, अगदी सावकाश, आणि सगुणच्या दोन पायांमधून आत गेला. दुसराही तिथूनच. गोदीवाल्यांना मग रस्ता पाठ झाला. शेवटी सदाशिवने गोल मोजायचं सोडलं आणि मैदानात फतकल मारून बसला. हातमोज्यांना सबंध सामन्यात चेंडूचा स्पर्शही झाला नाही.

संध्याकाळी पद्मावतीने तेलाची अख्खी बाटली ओतली. घाम आणि तेल मिळून हातमोजे एकदाचे सुटले. सगुणने ते मुकाट्याने कोपऱ्यात ठेवले. आतून आई सांगत होती, "सुने, फाल्यां सकाळीं तो पालो परत घाल हां पाण्यात!"

सगुण बराच वेळ आपल्या दोन गुडघ्यांमधल्या फटीकडे पाहत बसला. मग हळूच म्हणाला, "पद्मा, त्या काठयेर थोडो चीक उरला मगो?"

पद्मावती उठली, काठी उचलली आणि चुलीत घातली.