टिटवीला कापड दिसत नाही

भटूभाऊ गाडी पुढे नेताना राजा असायचा आणि मागे घेताना सुतकी. रिव्हर्स टाकायची वेळ आली की आधी इंजिन बंद. मग खाली उतरायचं, गाडीला एक पूर्ण फेरी मारायची, रस्त्यावर दोन्ही हात टेकून गाडीच्या पोटाखाली बघायचं आणि शेवटी डिकीमागे उभं राहून चारी दिशांना हाळी द्यायची, "मांगे कोन शे?" मागे कोण आहे, हे त्याच्या अहिराणीत. कोणी ओ दिली नाही की तीन टाळ्या, आणि धावत येऊन सीटवर. पण तेवढ्यात मागे कोणी आलं असेल तर? की स्वारी पुन्हा खाली.

सुरतेला रिंगरोडच्या कापड मार्केटात त्याने एकदा शेठची गाडी बाहेर काढायला घेतली. मागे टेम्पोंची रांग तुंबली. मी डोळ्यांनी पाहिलंय, रांगेतल्या शेवटच्या दोन टेम्पोवाल्यांची तेवढ्यात ओळख झाली, चहा झाला, एकाच्या मुलीची दुसऱ्याच्या पुतण्याशी सोयरीक जमली. सुपारी फुटली तेव्हा भटूभाऊ तिसऱ्यांदा गाडीखाली वाकला होता.

हा भटूभाऊ धुळ्याकडचा. नवागामात आमची भिंतीला भिंत. पांडेसऱ्याच्या ज्या डाईंग मिलमध्ये मी कापडाच्या घडी खात्यात होतो, तिच्या शेठचा तो ड्रायव्हर. उंची सहा फूट, मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबं टांगावीत, आवाज असा की मिलचा बॉयलर दचकावा. एवढा गडी, पण 'मागे' म्हटलं की वाळलेल्या पानासारखा. देवळातून लोक हात जोडून उलट्या पावलांनी बाहेर येतात, हा सरळ देवाकडे पाठ करून यायचा. "देव माफ करी," म्हणायचा, "पन मांगे एखादं लेकरू ऱ्हायनं तं?" माझ्या मेव्हणीच्या लग्नात फोटोवाला "जरा मागे सरका" म्हणाला, तर हा आधी कनातीमागे काय आहे ते बघून आला. तोवर फोटो निघून गेला. त्या फोटोत सगळे आहेत, भटूभाऊ नाही.

"यास्नी मन्हासंगे लगीन कयं ना," त्याची बायको कमलवहिनी म्हणायची, "ते बी मांगे फिरता येत नही म्हनीसन!"

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. शेठचा भाचा सिंगापूरहून एक डबी घेऊन आला. गाडीच्या मागच्या बंपरला चार काळी बटणं बसली, आणि पुढे स्टिअरिंगपाशी एक छोटा भोंगा. गाडी मागे घेताना काही आडवं आलं की तो टीं... टीं... करायचा. अंतर कमी झालं की टींटींटीं. अगदी टेकायला आलं की एकच लांबलचक किंकाळी.

शेठ खूश. "हवे नीचे ऊतरवानुं बंध!" आता खाली उतरणं बंद.

भटूभाऊने पहिल्याच दिवशी तिचं नाव टिटवी ठेवलं. ती ओरडली की त्याच्या अंगावर काटा यायचा, आणि गप्प बसली की दुप्पट.

आठ दिवस त्याने तिची परीक्षा घेतली. गाडीमागे बादली ठेवून बघितली, सायकल ठेवून बघितली, शेजारच्यांची बकरी बांधून बघितली, मला उभं करून बघितलं. भिंत दिसली की टिटवी बोंबलायची. पाऊस आला की मागे चिटपाखरू नसतानाही बोंबलायची. गुडघाभर गवतात तिला वाघ दिसायचा, आणि बटणावर चिखल बसला तर दिवसभर रडारड. उभी लोखंडी सळई मात्र तिच्या लेखी नव्हतीच.

"भाऊ, हाई बाई घाबरट शे आनि आंधळी बी शे," तो म्हणाला. "मन्हासारखी नुसती घाबरट ऱ्हाती तं चालतं."

मग तो दिवस आला. मार्केटात कोऱ्या कापडाचं एक पोटलं, माणसाएवढं गाठोडं, उघड्यावर पडलं होतं. गाडी मागे आली, बंपर त्या पोटल्यात हातभर रुतला आणि टिटवीने चकार शब्द काढला नाही. मऊ कापड तिचा आवाज गिळून टाकत होतं, परत काही पाठवतच नव्हतं. भटूभाऊचा चेहरा त्या कापडापेक्षा पांढरा. अहो, सुरतेत! जिथे फुटपाथवर कापड, जिन्यात कापड, हमाल दुपारी पोटल्याला टेकून अंगावर कापडच ओढून झोपतो, तिथे राखणीला काय ठेवलंय, तर कापड न दिसणारी टिटवी!

तो पुन्हा उतरायला लागला. शेठचं डोकं फिरलं. "काले सवारे, मिलना चोकमां, बधानी सामे. नीचे ऊतर्यो तो घेर बेसजे." उद्या सकाळी सगळ्यांसमोर, न उतरता गाडी मागे घेऊन दाखव, नाहीतर कायमचा घरी बस.

संध्याकाळी भटूभाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसला. चहा बशीत ओतला आणि तसाच निवू दिला.

"शेठला कापडाचं सांगितलंस ना?"

"सांगं. म्हने, कापडच ना, धुई टाकू." बशी खाली ठेवून म्हणाला, "नोकरी गई तं गई, भाऊ. पन मन्हा जागावर दुसरा येई. तो उतरनार नही."

त्या पोटल्यात माणूस असल्याशिवाय शेठला काही दिसणार नव्हतं. आणि मी छाती फुगवून म्हणालो, "मी बसतो पोटल्यात!" शब्द बाहेर पडला आणि मी इकडेतिकडे पाहिलं, की हा कोण मूर्ख बोलला.

भटूभाऊ तासभर नाही नाहीच म्हणत होता. शेवटी म्हणाला, "बाजूनी भिंतवर खडूनी रेघ मारसू. रेघले मी थांबसू. तुम्ही इतभर बी हालू नका."

सकाळी मला इतकं कापड गुंडाळलं की नवागामच्या सगळ्या खिडक्यांना पडदे झाले असते. डोळ्यांपुढे बोटभर फट. चौकाच्या मधोमध मला नेऊन बसवलं. मिल लोटली होती, पण आत कोण ते भटूभाऊला आणि गुंडाळणाऱ्या दोघांनाच ठाऊक. शेठ गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला. इंजिन सुरू झालं, मागचा पांढरा दिवा लागला आणि गाडी माझ्याकडे यायला निघाली.

मी आयुष्यात विंचू पाहिलाय, नाग पाहिलाय, माझ्या सासऱ्यांना रागावलेलं पाहिलंय. अशी भीती कधी पाहिली नव्हती. नेमका पायात गोळा आला आणि मी सरकलो. थोडासाच. पण पुढे! नंबरप्लेटवरचे आकडे ताटाएवढे झाले. धुराची गरम वाफ फटीतून नाकात शिरली. बोल गं टिटवी, बोल बाई! टिटवी गप्प. ओरडावं तर तोंडासमोर कापडाचे सात थर. मी डोळे मिटले. गुडघ्याला काहीतरी लागलं. कापड दबलं. हाडापर्यंत दबलं.

आणि गाडी थांबली.

भटूभाऊने इंजिन बंद केलं. मग शेठचा आवाज आला, मजेत. "जोयुं? मशीन बोल्युं नहीं, एटले पाछळ कोई नथी!" यंत्र बोललं नाही, म्हणजे मागे कोणी नाही.

पोटल्यातून मी म्हणालो, "शेठ, हूं छुं." मी आहे.

शेठ गाडीतून उतरला की पडला, सांगता येणार नाही. माझी गाठ सोडायला तो स्वतः बसला, पण घाईत ती आणखीच आवळत गेला. "ऊतरजे, भटू," एवढंच म्हणत होता. "दर वखते ऊतरजे, भाई." दर वेळी उतरत जा.

लोकांनी टाळ्या पिटल्या. मी हार घालून घ्यायच्या तयारीत, आणि भटूभाऊचा पत्ता नाही. तो बॉयलरमागे राखेच्या ढिगाशेजारी सापडला. गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"रेघलेच थांबनू ना, भाऊ. तुम्ही पुढे कसा उनात?"

मी त्याच्याजवळ बसलो. इतकी वर्षं विचारायला धजलो नव्हतो, ते विचारलं. "भटूभाऊ, कधी कोणी सापडलं होतं का गाडीखाली?"

"नही. काहीच नही व्हयनं," तो म्हणाला. "तेच तं."

दहा वर्षांपूर्वी तो बारडोलीला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. भर दुपार होती. ट्रॉली मागे घ्यायची होती, हात गिअरवर होता. तोंडात तंबाखू भरली होती म्हणून तो थुंकायला खाली उतरला. ट्रॉलीच्या मागच्या चाकाला लागून, सावली बघून ठेवलेलं गोधडीचं एक गाठोडं होतं, आणि त्यातून एक पाय बाहेर आलेला. तळहातावर मावेल एवढा. त्याने गाठोडं अलगद उचलून बांधावर लिंबाखाली ठेवलं आणि ट्रॉली मागे घेतली. ऊस तोडणारी आई पाणी घेऊन आली, लिंबाखालून गाठोडं उचलून पाजायला बसली. तिने काही विचारलं नाही, याने काही सांगितलं नाही.

"थुंकाले उतरनू, भाऊ. नुसतं थुंकाले."

तेव्हापासून दर वर्षी तोडणी सुरू झाली की एका रविवारी तो बारडोलीला जातो. कमलवहिनींना वाटतं, गूळ आणायला जातो. तो तोडकऱ्यांच्या खोपटांपाशी जाऊन उभा राहतो. ते लेकरू आता दहाएक वर्षांचं असणार. मुलगा की मुलगी, ठाऊक नाही. नाव ठाऊक नाही. ती माणसं त्यानंतर इकडे आली की नाही, तेही नाही.

"मग ओळखतोस कसं?"

त्याने स्वतःचा तळहात उघडून पाहिला.

"तठे सगळा पोरं अनवानीच पळतस," तो म्हणाला. "मी पाय देखत ऱ्हास. जे पाय पळतस, ते त्यानाच पाय समजस मी."