किल्ले गेले, किल्ल्या राहिल्या

श्री.

दूर उत्तरेच्या थंड देशी, स्मोलांद प्रांती, तळ्यांच्या आणि देवदारांच्या मुलखात, मे महिन्याचे सकाळी जो उजेड पडतो त्याची हकीकत आधी लिहिणे प्राप्त आहे, कारण पुढील सर्व मोहीम त्याच्याच साक्षीने जाहली. तो उजेड तेथे एकाएकी येत नाही. तळ्यापलीकडून, कोणी थोर सरदार दरबाराच्या उंबऱ्याशी क्षणभर थबकतो तसा थबकत येतो, आणि आधी निशाणाच्या रिकाम्या काठीच्या टोकास लागतो, मग कोठाराच्या लाल भिंतीवरून सावकाश खाली उतरतो, मग दवाने भिजलेल्या गवतात बराच वेळ काही हरवले ते शोधीत राहतो, आणि सरतेशेवटी अंगणात ओळीने उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांच्या टपांवर एकेक करून हात ठेवितो, जणू हजेरी घेतो. काचांच्या रबरात शेवाळ वाढले होते, ते त्या उजेडात पाचूसारखे दिसे. आणि राखी स्टेशन वॅगनच्या चाकावरील पत्र्यास भोके पडली होती, त्यांतून किरण आत जाऊन टायरावर मोहरा सांडल्यासारखे गोल ठिपके पाडीत. उजेडास जरतार आणि जंग यांतील भेद समजत नाही, दोहोंवर तो सारखाच सोनेरी पडतो. भेद मनुष्यास समजतो. आणि समजूनही ज्यांस सोडवत नाही, अशांपैकी एका पुरुषाची ही कथा.

तो पुरुष म्हणजे अखंडितखटपटअलंकृत राजमान्य राजश्री अल्गोत एकेब्लाद. साठी उलटलेली, बोलणे थोडे, आणि नखांत काळे ग्रीस कायमचे वतन करून राहिलेले. पूर्वी गावच्या लाकूडगिरणीत चाकरी केली, ती यथास्थित पुरी करून सांप्रत आपल्या अंगणात दौलत सांभाळीत. दौलत म्हणजे जुनी वाहने. ज्या गाडीचा जगाने नाद सोडिला तिच्यावर राजश्रींची मर्जी बसे; मग ती अल्प मोलाने आणावी, आणि तिच्या सुट्या भागांकरिता तसलीच दुसरी आणावी, मग ती दुसरीच पहिलीहून धडधाकट निघावी, आणि मग पहिलीस तख्तावरून उतरवून तिचे दिवे, दरवाजे, आरसे दुसरीस चढवावे, ऐशा राज्यक्रांत्या त्या अंगणात वरचेवर होत. जी आज राज्य करी ती उद्या भंगारात निजे, आणि याचे दुःख राजश्रींखेरीज कोणास होत नसे.

या दौलतीचा कायमचा वैरी जंग. फारशीत जंग म्हणजे युद्ध, आणि आपले बोलीत लोखंडास चढतो तोही जंग. राजश्रींचे अंगणात दोहोंचा अर्थ एकच जाहला होता. हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून सरकार रस्त्यांवर मीठ टाकी, आणि जंग त्या मिठास जागून चाकांवरचे पत्रे, दरवाजांखालचे उंबरे, तळाचे कोपरे काबीज करी. मग राजश्रींनी गाडीखाली उताणे पडून, वेल्डिंगच्या ठिणग्या दाढीवर झेलीत, गेलेला मुलूख बोटाबोटाने परत घ्यावा. त्या वैऱ्याचे भय राजश्रींस कधी वाटले नाही. भय होते ते खडखडीचे.

तत्पूर्वी किल्ल्यांचे प्रकरण सांगणे अवश्य. किल्ला खाली करावयाचा तर किल्ल्या जेत्याचे हवाली कराव्या, हा युद्धाचा जुना दस्तूर. राजश्री गाडी विकीत तेव्हा एक किल्ली गिऱ्हाइकाचे हाती देत, आणि जोडीची दुसरी सापडत नाही म्हणून सांगून आपणापाशी ठेवीत. भंगारात गेलेल्यांच्या तर दोन्ही ठेवीत. या सर्व किल्ल्या गोठ्यातील दाव्याच्या लोखंडी कडीत ओवलेल्या, आणि चालू गाडीची किल्लीही त्याच कडीत. त्यामुळे गाडी सुरू केली म्हणजे सुकाणूखाली तो जुडगा द्राक्षांच्या घोसासारखा लोंबे. पोस्टाच्या पिवळ्या गाडीची किल्ली तोंडाशी वाकलेली, हिरव्या बसगाडीची दात झिजलेली, लाल पिकअपची अंगठ्यापाशी गुळगुळीत. न पाहता, नुसत्या स्पर्शाने, राजश्री प्रत्येकीस ओळखीत, जसे कोणी अंधारात आपल्या लेकरांची डोकी ओळखावी. किल्ले गेले, किल्ल्या राहिल्या.

खडखडीचा उगम पोस्टाच्या गाडीचे अमदानीत जाहला. आधी ती बारीक होती, दूरच्या घोड्याच्या टापेसारखी. मग दर नव्या गाडीगणिक वाढत गेली, आणि जागा नेहमी एकच, उजव्या गुडघ्यापाशी. राजश्रींनी बेअरिंग बदलली, शॉकअब्सॉर्बर बदलले, सायलेन्सरचे पट्टे आवळले, आणि उपाय चालेना तेव्हा गाडीच बदलली. तर नव्या गाडीत खडखड आधीच येऊन बसलेली, आणि पूर्वीपेक्षा जोमात. नवल हे की विकलेल्या गाड्यांच्या एकाही धन्याने तिची तक्रार आणिली नाही. यावरून राजश्रींनी ऐसा निष्कर्ष काढिला की त्या परगण्यातील लोकांचे कान गेले.

राजश्रींचे कुटुंब गुनवोर, यांचे कान मात्र शाबूत होते. हिरव्या बसगाडीचे अमदानीत चर्चहून परतताना त्या एकदा सहज बोलून गेल्या, "किल्ल्या वाजतायत रे." तेव्हा राजश्रींनी घर येईपर्यंत त्यांस समजावून सांगितले की सुटा आवाज निराळा आणि सांगाड्यातला आवाज निराळा, आणि हा सांगाड्यातला आहे, गिरणीत जन्म घालविलेल्या माणसास हे कळते. गुनवोर "बरं" म्हणाल्या. त्या एका "बरं"मध्ये पुढे कित्येक गाड्या आल्या आणि गेल्या.

गुनवोर यांची थोरली बहीण दाग्नी पश्चिमेस हालांदच्या किनाऱ्यावर, समुद्राचे ऐन तोंडावर, एका लहान लाकडी घरात राहे. तेथे उन्हाळ्यात जाण्याचे वचन राजश्रींनी दिधले होते, आणि दर उन्हाळ्यात ते मोडले, कारण खडखड घेऊन इतका लांबचा पल्ला मारणे म्हणजे वाटेत घात, ऐसे त्यांचे मत. या वसंतात दाग्नीचा फोन आला की गुडघे चालत नाहीत, हा उन्हाळा येथला शेवटचा, मग घर विकून शहरात खोली घेणार. ते ऐकून गुनवोर खिडकीशी बराच वेळ उभ्या राहिल्या, बाहेर गाड्यांच्या टपांवर ऊन सरकत होते तिकडे पाहत. आणि मग फर्मान सुटले.

"राखी गाडीच्या सरकारी तपासणीच्या दिवशी मी डबा भरून गाडीत बसणार. पास झाली की तिथूनच सरळ दाग्नीकडे."

राजश्री बोलिले, "खडखड घेऊन मी निघायचा नाही."

"मग घालव. नाही गेली, तर मी तिथूनच बस पकडेन. एकटी."

"इतक्या लांब बसनं?"

"बस खडखडत नाही," गुनवोर म्हणाल्या, आणि दरबार बरखास्त जाहला.

मग राजश्रींनी मोहिमेची तयारी आरंभिली, आणि राखीच्या चाकांवरचे पत्रे आणि दोन्ही उंबरे वेल्डिंगने नवे केले, आणि ब्रेक उघडून साफ केले, आणि भंगारातल्या तिच्या जुळ्या बहिणीचे उजवे दार काढून तिला चढविले, आणि सरतेशेवटी पुढच्या चाकाच्या दांड्यातील बुश, म्हणजे हादरे सोसणारी रबरी नळी, बदलला, कारण खडखडीचे मूळ तेथेच आहे असा त्यांचा या खेपेचा निश्चय होता. मग अंगणात एक फेरी मारिली. खडखड हजर होती. राजश्री खाली उतरले, आणि टपावर हात ठेवून कोवळ्या उन्हात उभे राहिले. बुश अजून बसावयाचा आहे, इतकेच मनाशी म्हणाले.

नेमल्या दिवशी स्वारी निघाली. राखीवर त्या काळी सरकारची मनाई होती. तपासणीची मुदत हुकलेली गाडी नेमल्या वेळी, जवळच्या वाटेने, तपासणीस न्यावी, अन्यत्र कोठेही नेऊ नये, ऐसा तेथील कायदा. म्हणजे चढाई एकाच वाटेची, मध्ये मुक्काम नाही आणि माघारही नाही. गुनवोर शेजारी बसल्या, मांडीवर टोपली, टोपलीत कॉफीचा थर्मास आणि दालचिनीचे पाव, त्यांवर चौकड्यांचा टॉवेल. नाक्यावर, जेथे सर्व घरांच्या टपालपेट्या एका फळीवर ओळीने मांडिल्या आहेत, तेथे शेजारी तागे, गिरणीतला जुना सोबती, वर्तमानपत्र काखेत मारून रस्त्याचे मधोमध उभा. लाल पिकअप त्यानेच घेतली होती.

"कुठं निघाली स्वारी?"

"तपासणीला."

"आणि परत कशानं येणार? माझा ट्रॅक्टर रिकामा आहे, सांगून ठेवतो."

गुनवोर यांनी काच खाली केली. "तागे, तुझी लाल खडखडते का रे?"

"छे. मांजरासारखी चालते."

"तुझ्या कानात भुसा गेलाय," राजश्री म्हणाले. "गिरणीत जन्म गेला तुझा."

"तुझा काय राजवाड्यात गेला?" ऐसे म्हणून तागे बाजूस जाहला, आणि राखी खडखडत पुढे गेली, आणि तो आवाज देवदारांत विरेपर्यंत तागे मान तिरपी करून ऐकत राहिला.

तपासणी ठाण्याचा अंमल इल्वा नामे तरुण बाईकडे होता. केस आखूड, हातात लहान हातोडी, मुद्रा निर्विकार. त्या मुलखात लहानथोर सर्व एकमेकांस "तू" म्हणतात, सबब तिने राजश्रींस "तू" म्हटले यात बेअदबी नाही. तिने राखीस अधांतरी उचलून खालून हातोडीने ठिकठिकाणी ठोकिले, आणि राजश्री भिंतीशी उभे राहून प्रत्येक ठोक्याचा नाद ऐकत, पोकळ की भरीव, जसा वैद्यापुढे रोग्याचा बाप ऐकतो. उंबरे भरीव बोलिले. मग ब्रेकच्या परीक्षेकरिता गाडी बाहेर काढण्याची वेळ आली, आणि इल्वाने आत बसताच सुकाणूखालचा जुडगा पाहिला, आणि पुन्हा खाली उतरली.

"हे काय आहे?"

"किल्ल्या."

"ते दिसतंय. एवढं वजन लोंबकळलं की कुलूप झिजतं. हिची तेवढी काढून दे."

"सगळ्या एकत्रच असतात."

"असू देत की. तू धर हातात."

राजश्रींनी नखाने कडी उघडण्याचा यत्न केला, आणि ती उघडेना, कारण बहुत काळात उघडिली नव्हती. मग इल्वाने हातोडीचे टोक घातले आणि राखीची किल्ली सुटली. मग ती गाडी घेऊन ठाण्याच्या मागील रस्त्यास गेली, आणि फिरून आली, आणि म्हणाली, "झालं. पास आहे. जुनी आहे, पण नीट ठेवलीयस."

बाकावरून गुनवोर उठल्या. राजश्री मात्र जागचे हलले नाहीत. "आणि खडखड?"

"कसली?"

"उजव्या गुडघ्यापाशी."

"मला नाही ऐकू आली."

"तुम्हा तरुणांचे कान..."

"चल, बस शेजारी," इल्वा म्हणाली, आणि त्यांस घेऊन पुन्हा निघाली.

त्या फेरीचे वर्णन करण्यास बखरकाराची भाषा अपुरी. बर्चच्या नव्या पानांतून ऊन खाली येत होते, आणि गाडी त्या उन्हातून जात होती, आणि काही वाजत नव्हते. रस्त्याची सरसर ऐकू आली. कोठे पक्षी बोलला तो ऐकू आला. ज्या आवाजाशी एक मनुष्य इतकी वर्षे झगडला, तो नाहीसा जाहला तेव्हा त्याच्या जागी आनंद यावा, तर तेथे केवळ एक मोकळी जागा होती, घरातले मोठे कपाट हलविल्यावर भिंतीवर राहते तशी. राजश्रींच्या मुठीत जुडगा होता, आणि मूठ आवळलेली होती.

"मी बुश बदललाय," ते म्हणाले. "त्याचाच गुण."

"असेल," इल्वा म्हणाली.

ठाण्याबाहेर राजश्री सुकाणूमागे बसले आणि राखीची किल्ली पुन्हा कडीत ओवू लागले. तेव्हा गुनवोर यांनी हात पुढे केला. "दे इकडे." राजश्रींनी क्षणभर विचार केला, आणि जुडगा दिधला, आणि गुनवोर यांनी तो चौकड्यांच्या टॉवेलात गुंडाळून टोपलीत पावांशेजारी ठेविला. विजय त्यांचा होता, परंतु त्यांनी नगारा वाजविला नाही. समोरून शहराची बस गेली, तिजकडे त्यांनी पाहिलेही नाही. मग राखी पश्चिमेस वळली, आणि तळी मागे पडली, आणि देवदार विरळ जाहले.

"ऐकतेस?" राजश्री म्हणाले.

"काय?"

"काहीच नाही."

"हो," गुनवोर म्हणाल्या. "काहीच नाही."

दुपारी समुद्र दिसला. दाग्नी काठी टेकीत फाटकापर्यंत आली, आणि बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग तिघे पायरीवर उन्हात बसली, आणि पाव काढण्याकरिता दाग्नीने टॉवेल उलगडला तोच आतून जुडगा निघाला.

"अगं बाई, ह्या कुठल्या?"

राजश्रींनी जुडगा हाती घेतला आणि, समुद्राकडे दृष्टी ठेवून, अंगठ्याने एकेक सांगू लागले. ही पोस्टाची पिवळी. ही हिरवी, हिच्यात कोंबडीनं अंडी घातली होती. ही लाल, तागेकडची. ही राखीच्या बहिणीची. दाग्नीने सर्व ऐकून घेतले, आणि मग विचारिले, "आणि आता ह्यांनी उघडतं काय?"

समुद्रपक्षी ओरडत होते. राजश्रींनी जुडगा पायरीवर ठेविला.

"काही नाही," ते म्हणाले.

गुनवोर यांनी कॉफी ओतली, आणि राजश्रींचा पेला आधी भरला.

येणेप्रमाणे खडखडीची मोहीम सिद्धीस गेली, जंग हटला, सरकारची मनाई उठली, दिधले वचन शेवटल्या उन्हाळ्यात का होईना पाळिले गेले, आणि खासा स्वारी समुद्रास पोचली. ही फत्ते पुढील पिढ्यांकरिता येथे नमूद केली असे. फत्तेचे कारण म्हणून राजश्रींच्या आज्ञेने आधी बुशाचे नाव लिहिले होते. परंतु कॉफी संपल्यावर, ऊन पाण्यावर उतरत असता, कोणी न विचारता ते आपण होऊन दोन शब्द बोलिले, आणि गुनवोर "बरं" म्हणाल्या. सबब बुशाचे नाव खोडून खरे ते लिहिले असे. खडखड किल्ल्यांची होती.