कोइवुलाहती कचेरीचा शिक्का उतरविल्याची हकीकत

श्री॥ फिन्न लोकांचे मुलुखीं, कोइवुलाहती नगरपालिकेचे कचेरींत, संगणकावरील शिक्का कैसा उतरला आणि फत्ते कैसी जाहली, तें वर्तमान यथास्थित लिहितों. वाचणारांनीं हसूं आवरून वाचावें.

कचेरीचे संगणक-किल्लेदार अखंडितबाष्पअलंकृत वेइक्को सार्निओ. दर शुक्रवारीं दुपारीं कचेरीच्या सौनांत, म्हणजे वाफेच्या न्हाणींत, त्यांचा नंबर, आणि नेमका तेव्हांच प्रिंटर अडावा, आणि कारकुनांनीं दार ठोठावावें, आणि साहेबांस ओल्या अंगानें उतरणें पडावें. मग साहेबीं थोर मसलत करून 'मोकळीक' नामें एक हत्यार घडविलें आणि त्यावर आपला सर्वाधिकाराचा शिक्का मारिला, कीं कोणीही चालवावें, हत्यारानें साहेबांच्या अखत्यारानें अडलेले कागद झाडावे, आणि साहेबांनीं निर्धास्त घाम काढावा.

त्यांचे हाताखालील राईली कोन्तुरी यांणीं हत्यार तपासिलें, तों अजब प्रकार. 'मोकळीक' झाडलोटीस "फरास!" म्हणून हांक मारी, आणि फरास कोठला, कोणाचा, हें न पुसे, चालविणाराचे घरांत त्या नांवाचा जो तोतया उभा असेल त्याच्याच हातीं शिक्का देई. ऐशा तोतयास सारा किल्ला मोकळा. आणि किल्ल्यांत रयतेच्या दुखण्याखुपण्याचे कागद, त्यांत राईलींच्या मातोश्रींचेही.

दरबार भरला.

"वेइक्को, अरे वाचनालयातल्या संगणकावर बसलेला पाहुणासुद्धा मालक होऊन बसेल!"

"बाई गं, आपल्या गावात एवढी अक्कल आहे कुणाला? कॉफी घे."

मग समस्त मुत्सद्दी कॉफीच्या पेल्यांत उतरले, आणि कोणी चकार शब्द न काढी. त्या मुलुखाचा रिवाज ऐसा, कीं जो न बोलला तो राजी. सबब ठराव जाहला कीं सर्वांस मंजूर.

राईलींपाशीं किल्ल्याची परीक्षा घेण्याचा परवाना होता, खुद्द साहेबांनीं न वाचतां सही केलेला. तो घेऊन त्या वाचनालयाच्या सार्वजनिक संगणकावर बसल्या, आपला तोतया फरास उभा केला, 'मोकळीक' चालविली, शिक्का हातीं आला. कागदांस बोट न लावितां त्यांणीं एकच गोष्ट केली: सौनाचा शुक्रवारचा नंबर फिरविला.

शुक्रवारीं साहेब कमरेस पंचा, एका हातीं अंगावर झोडपावयाची बर्चच्या डहाळ्यांची जुडी, दुजे हातीं सॉसेज, ऐसे थाटानें दारीं पातले. आंतून ग्रंथपाल आउलिक्कीबाईंनीं डोकें काढिलें.

"वेइक्को, पाटी वाच की! आज नंबर वाचनालयाचा."

"अगं, पण मी इथला…"

"दार लाव आधी, वाफ चाललीय सगळी!"

साहेब तैसेच पंचानिशीं संगणकाच्या दालनांत धांवले. "कुणी केलं हे?"

"वाचनालयाच्या खात्यानं," राईली म्हणाल्या. "आहे की अक्कल गावात."

साहेबीं ओल्या हातानें एक ओळ लिहिली आणि 'मोकळीक'वरील शिक्का उतरला. रयतेचीं दुखणीं वर्षानुवर्षें उघडीं पडलीं असतां ज्यांची पापणी हलली नाहीं, ते एका वाफेपायीं हलले. ऐसे आमचे खाविंद.

पुढिले शुक्रवारीं प्रिंटर अडला. आतां झाडण्याचा अखत्यार एकट्या साहेबांचा, सबब सौनाचें दार ठोठाविलें गेलें, आणि साहेब पंचा सांवरीत, थेंब गाळीत, जिना उतरले. दफ्तरीं नोंद ऐसी: मोहीम फत्ते, किल्ला शाबूत, किल्लेदार गारठलेले.